नवरा मुलगा चालवून बघणे

कुरणवाडीला मुलगी द्यायला कुणी तयार नसे. याचं कारण गावची विहीर.

तशी विहीर चांगली होती. बांधीव, पायऱ्यांची, वैशाखातही कमरेएवढं पाणी राखणारी. बायका घागर घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत उतरत, घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. शेतावरून आलेले पुरुष तिथंच पाय धूत. आणि दर उन्हाळ्यात मराठा गल्लीतल्या निम्म्या घरांत कुणाच्या तरी घोट्याला नाहीतर पोटरीला फोड येई, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू डोकं बाहेर काढी. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा ओढायचा आणि पुरा निघेपर्यंत महिना-दीड महिना बसून राहायचं. घाईनं ओढला तर तुटतो. तुटला तर पाय सुजतो, पिकतो, कधी कधी जन्माचा आखडतो. गावाला याची सवय झाली होती. निपाणीच्या बाजारात मात्र कुरणवाडीची माणसं चालीवरून ओळखू येत.

राजाबाईचा शामू चोवीस वर्षांचा झाला होता. तंबाखूच्या कामात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, पण त्याची दोन ठिकाणं मोडली होती. पहिल्या ठिकाणच्या लोकांनी पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. दुसरे स्पष्टवक्ते निघाले. "आमची पोरगी दोन पायांवर येणार आणि वर्सानं एका पायावर माहेरला येणार. नगं," म्हणाले. तेव्हापासून शामू यंदा जमलं नाही तर बेळगावात जाऊन पलटणीत नाव घालतो असं म्हणू लागला होता. पलटणीतही चालवून बघूनच घेतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तिसरं ठिकाण सांब्र्याचं आलं. सांबरा बेळगावच्याही पलीकडं. कुरणवाडीची कीर्ती तिथवर पोचली नसावी अशी राजाबाईला आशा होती. मुलीची आई नव्हती. वडील मारुतीराव आणि आत्या जयाबाई गुरुवारी घर बघायला येणार होते. मंगळवारी शामूच्या उजव्या घोट्यावरचा फोड फुटला.

"आये, आता गं?" शामूनं विचारलं.

"आता काय? मांडी घालून बस. उठू नगंस."

"कवर?"

"ती जाईस्तवर."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच गुरुवारी दिवेलागणीनंतर चावडीपुढं आरोग्याचं व्याख्यान ठरलं होतं. बेळगावच्या टिळकवाडीतले एक मास्तर चित्रं दाखवायचा कंदील घेऊन गावोगाव फिरत. गावचे पाटील आप्पाण्णा खास बेळगावला जाऊन त्यांना सांगून आले होते. व्याख्यानाचा विषय नारू होता.

राजाबाईनं नवऱ्याला, नागोजीला, पाटलांकडं पिटाळलं.

"पाटील, येवढं उद्यावर ढकला," नागोजी म्हणाला.

"मास्तर निपाणीवरनं निघालं."

"आमच्याकडं पावणं येणार हाईत."

"येऊ देत की. त्यांनीबी ऐकावं."

"त्यांनी ऐकू न्हाय म्हणूनच आलोय."

आप्पाण्णा जैन होते आणि व्रताचे पक्के होते. त्यांनी थोडा विचार केला. "मी खोटं बोलत न्हाय, नागोजी. पर कुणी इचारल्याबिगर आपनहून सांगायलाबी जात न्हाय."

पाटलांकडून याहून जास्त मिळणार नाही हे नागोजीला माहीत होतं. राजाबाई स्वतः गल्लीत फिरली. प्रत्येक दारात तिनं एकच सांगितलं, की आज आपल्या गल्लीत कुणाला नारू नाही.

"मग माझ्या गुडघ्यात काय हाय?" मष्णूनं विचारलं.

"आजच्या दिस न्हाय. उद्या परत असू दे."

मष्णूला दोन भाऊ लग्नाचे होते. तो गप्प बसला. लग्नाचं कुणी नाही असं एकही घर गल्लीत नव्हतं, त्यामुळं बाकीच्यांनीही फार चर्चा केली नाही. ज्यांना निघाला असेल त्यांनी पाय झाकून बसून राहायचं, असं ठरलं. पाहुणे आले तेव्हा सगळी गल्ली आपापल्या उंबऱ्यावर मांडी घालून बसली होती. ज्यांचे पाय धड होते तेही फरक दिसू नये म्हणून बसले होते.

"तुमच्या गावात माणसं उठत न्हाईत वाटतं," मारुतीराव म्हणाले.

"उन्हाळा हाय," नागोजी म्हणाला.

"उन्हाळा आमच्यातबी हाय. उभी ऱ्हात्यात माणसं."

"असू दे दादा, रीत असंल," जयाबाई म्हणाली आणि आत आली.

जयाबाई अंगानं लहान, आवाजानं हळू, आणि बघायला बसली की पापणी न हलवणारी बाई होती. भाचीला तिनंच वाढवलं होतं. घोंगड्यावर शामू मांडी घालून बसला होता. त्यानं बसल्या जागेवरून नमस्कार केला. जयाबाईनं तो घेतला. राजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो जयाबाईनं दाराच्या उजेडात धरून आत बघितलं.

"गाळलंय का वो?"

"व्हय तर," राजाबाई म्हणाली.

"कशानं?"

"गाळण्यानं."

"बघू गाळणं."

"वाळत घातलंय," असं म्हणून राजाबाई परसदारी गेली. परसातल्या भिंतीपलीकडं जैनांच्या देवळाची बस्ती गल्ली लागे, तिथं ब्राह्मी राहायची. बस्ती गल्लीतली जैन घरं याच विहिरीचं पाणी पीत, पण दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय घोट घेत नसत. पाण्यातले जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. त्यांच्यात नारू क्वचित निघे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मराठा गल्लीत त्याचा अर्थ जैनांचा देव वेगळा आहे एवढाच लावला जाई.

"ब्राह्मीआक्का, गाळणं दे."

"कशाला?"

"दाखवायला."

"दाखवायला न्हाय मिळायचं," ब्राह्मी म्हणाली. "गाळणं नेलंस तर रोज गाळायचं. आणि गाळण्यात ऱ्हायलेलं जीव पाण्यानं उतरवून विहिरीत परत सोडायचं. कबूल?"

"कबूल, कबूल. दे आधी."

"आणि मला इचारलं तर मी खोटं सांगणार न्हाय."

"बाई, तुमच्या गल्लीत येवढं एकच शिकवत्यात का गं?" राजाबाई म्हणाली आणि भिंतीवरून कापड ओढून घेतलं.

तिनं जयाबाईसमोर कळशीच्या तोंडावर कापड धरून पाणी गाळलं. हात सराईत दिसावा म्हणून तिनं गाळणं चांगलं दोनदा पिळलं आणि उरलेलं पाणी ऐटीत उकिरड्यावर फेकलं.

भिंतीपलीकडून ब्राह्मीचं डोकं वर आलं. "अगं ए! पिळतीस काय? जीव चेंगरलं की! आणि उकिरड्यावर? उन्हात? काय धुणं धुतीस व्हय गं?"

जयाबाई भिंतीजवळ गेली. "आक्का, ह्या रोज गाळत्यात न्हवं?"

ब्राह्मीनं राजाबाईकडं बघितलं, मग आभाळाकडं. "आजपास्नं रोज गाळणार हाय. माझ्याम्होरं कबूल झालीय."

जयाबाई माघारी येऊन गाळलेलं पाणी प्याली. घर बघितलं, गोठा बघितला, जेवली. शामूला तंबाखूची रोपं कधी लावता ते विचारलं. त्यानं मांडी न मोडता सगळं बरोबर सांगितलं. मारुतीराव खूश दिसले. दिवस मावळता मावळता राजाबाईला वाटू लागलं की जमतंय. तेवढ्यात चावडीवर डफ वाजला.

"काय हाय?" मारुतीराव म्हणाले.

"चित्रं दावत्यात," नागोजी म्हणाला. त्याच्या तोंडात पटकन खरं यायचं.

"मग चला की."

शामूला अंधारात आधीच पुढं नेऊन बसवलं. बाकीची गल्लीही तशीच लपतछपत गेली आणि चावडीपुढं गच्च बसली. भिंतीला पांढरं धोतर ताणलं होतं. मास्तर सडपातळ, टोपीवाले. आवाज खणखणीत, पण हात सावकाश. कंदील पेटवून त्यांनी पहिली काच सरकवली आणि पडद्यावर रेडकाएवढा प्राणी उभा राहिला. एक डोळा, दोन मिशा, शेपटाजवळ दोन पिशव्या.

बायकांतून "अगगं" असा आवाज आला. बस्ती गल्लीतल्या बायकांनी हात जोडले.

"ही पाणपिसू," मास्तर म्हणाले. "तुमच्या विहिरीत आहे. खरी ही राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असते."

मग त्यांनी सरळ सांगितलं. ज्याला नारू निघालाय तो पाय पाण्यात बुडवतो. नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो, ती डोळ्यांना दिसत नाहीत. पाणपिसू ती खाते. पाण्याबरोबर माणूस पाणपिसू पितो. पिसू पोटात मरते, नारूचं पिल्लू मरत नाही. ते आत वाढतं, हातभर लांब होतं, आणि साधारण वर्षानं पायातून बाहेर येतं. म्हणून पाणी गाळून प्यायचं, आणि नारू असलेला पाय विहिरीत घालायचा नाही. देवाचा कोप, उष्णता, शिळी भाकरी यांचा संबंध नाही.

"मास्तर," ब्राह्मीनं मागून विचारलं, "आमी गाळण्यातलं जीव परत विहिरीत सोडतो. मग ते पाप म्हणायचं का?"

हा प्रश्न मास्तरांना इतर गावांत कुणी विचारला नव्हता. "नाही," ते विचार करून म्हणाले. "पिसू मुळात निरुपद्रवी आहे. नारूवाला पाय पाण्यात पडला नाही, तर तिच्यात नारूच नसतो. चूक पायाची आहे."

ब्राह्मीनं शेजारणीकडं बघून मान हलवली. पाणपिसू निर्दोष सुटल्याचं समाधान बस्ती गल्लीच्या चेहऱ्यांवर दिसलं.

"आता ज्यांना नारू निघालाय त्यांनी पुढं यावं," मास्तर म्हणाले. "मी धुऊन पट्टी बांधून देतो."

कुणी हललं नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं. मराठा गल्ली धोतरं आणि लुगडी गुडघ्याखाली नीट दाबून समोर बघत राहिली.

"पाटील," मास्तर गोंधळून म्हणाले, "गावात नारू आहे ना?"

आप्पाण्णांना कुणी विचारू नये अशीच नागोजीची प्रार्थना चालली होती. पाटील उठून उभे राहिले. "हाय," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ज्यांना हाय त्यांनी सांगावं. पाय त्यांचं हाईत." आणि ते बसले.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा, म्हणजे कुणाला पाण्यात उतरायलाच नको, असं काम यंदा एका गावात होणार आहे. पण ते नारूच्या गावालाच मिळतं. इथं नारू नसेल तर मी तसं सांगतो आणि पुढच्या गावाला जातो."

सगळी गल्ली राजाबाईकडं बघायला लागली. राजाबाई पडद्याकडं बघत होती. सून आली की घागर घेऊन त्या पायऱ्या उतरणार. हे तिनं आजवर असं सरळ मनात आणलं नव्हतं. सून यावी, एवढंच आणलं होतं. तरीही ती बोलली नाही. आणखी एक रात्र गप्प बसलं की सुपारी फुटत होती.

तेव्हा जयाबाई उठली. "मास्तर, नारूवाला माणूस चालतो कसा वो?"

"लंगडतो. पाय टेकताना दुखतं."

"मग सोपं हाय. आमच्यात पोरगी चालवून बघत्यात. तुमच्या गावात पोरगा चालवून बघायला पायजे." ती शामूकडं वळली. "पोरा, ऊठ. त्या पडद्यापातूर जाऊन ये."

शामूनं आईकडं बघितलं. मग तो उठला आणि चालू लागला. ताठ, सरळ, ओठ मिटून, कुरणवाडीत कुणी चाललं नसेल असा. मारुतीरावांनी नागोजीच्या पाठीवर थाप मारली. पण शामू कंदिलाच्या उजेडात आला तसा पडद्यावर त्याच्या पायांची सावली पडली. मांडी घालून दिवसभर दाबलेलं धोतर सैल झालं होतं. खालून काडी निसटली होती आणि नारूच्या दोऱ्याला लोंबत होती. प्रत्येक पावलाला ती हेलकावे खाई, आणि पाणपिसूच्या शेजारी तिची मुसळाएवढी मोठी सावली हेलकावे खाई. गावातल्या पोरासोरांनाही ते काय आहे ते कळलं. शामूला ते दिसत नव्हतं. तो चालतच होता.

"शामू, थांब!" राजाबाई ओरडली. "तुटंल! तुटंल रं!"

ती माणसांच्या अंगावरून पाय टाकत गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांत ती काडी धरली. मास्तर आले. त्यांनी खाली वाकून बघितलं. "तुटला नाही," ते म्हणाले. राजाबाईनं काडी सोडली नाही.

"आता झाकून तरी काय करायचं?" मष्णू म्हणाला आणि गुडघा उघडा करून उजेडात पुढं केला. त्याच्या शेजारच्यानं पोटरी काढली. मग एकेक पाय बाहेर आला. मास्तरांच्या पट्ट्या संपल्या, तेव्हा पडद्याचं धोतर फाडायला काढलं. ते पाटलांचं होतं.

"चल जया," मारुतीराव उठून म्हणाले.

"बैल सोडल्यात दादा. बस." जयाबाई मास्तरांपाशी गेली. "ह्याचा हा नारू मागल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा?"

"हो."

"आणि आजपास्नं गाळूनच प्याला तर? पुढच्या उन्हाळ्यात निघणार न्हाय?"

मास्तर काळजीपूर्वक बोलणारे होते. "पुढच्या उन्हाळ्यात निघू शकतो. यंदा आजवर जे पाणी पोटात गेलंय त्याचा. खरी परीक्षा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. घरी, शेतात, परगावी, सगळीकडं गाळून प्याला असेल, तर निघणार नाही."

"मंजे दोन वर्सं."

"दोन वर्सात पोरगा सव्वीसचा हुईल वो!" राजाबाई खालूनच म्हणाली.

"पोरगी ल्हान हाय. घाई आमाला न्हाय," जयाबाई म्हणाली. "चालला तर बरा चालतोय तुमचा पोरगा. दुखत असताना एवढा चालला. पर मी पोरगी पोराला देत न्हाय, पाण्याला देतीया. दोन वर्सांनी वैशाखात येते. तवा परत चालवून बघते."

मारुतीरावांना यातलं अर्धंच कळलं. पण घरात जयाबाईचं म्हणणं मोडायची त्यांना सवय नव्हती.

मराठा गल्लीत गाळायला सुरुवात झाली ती अशी. आरोग्यासाठी गाळलं असतं तर पंधरा दिवस टिकलं असतं. लग्नासाठी होतं म्हणून टिकलं. दुपारच्या वेळी ब्राह्मी भिंतीपलीकडं उभी राही आणि अलीकडं गल्लीतल्या बायका ओळीनं गाळत. पिळलं की ब्राह्मी ओरडे. शामू डोक्याच्या पटक्यात स्वच्छ कापड खोचून शेतावर जाई. लोक हसत, पण ज्यांच्या घरी लग्नाची मुलं होती त्यांनी आपल्या मुलांच्या पटक्यातही कापड खोचलं. नारू निघालेल्यांना दिवसाउजेडी कुणी विहिरीत उतरू देईना. त्यांच्या घागरी राजाबाई भरून आणून दारात ठेवी. मष्णूनं एकदा रागानं पाय धुवायचा हट्ट धरला, तेव्हा बस्ती गल्लीतल्या चार म्हाताऱ्या पायरीवर आडव्या बसल्या. पिसवांना नारू लागू नये म्हणून.

एकट्या नागोजीनं तक्रार केली. "गाळल्या पाण्याला चव न्हाय गं."

"चव कशाला पायजे? पाणी हाय," राजाबाई म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात शामूला पुन्हा एक नारू निघाला. राजाबाईला मास्तरांचं म्हणणं पाठ होतं, तरी ती दोन दिवस जेवली नाही. त्यानंतरच्या दिवाळीला पायऱ्या बुजल्या आणि विहिरीवर रहाट आला. यंदा होणार असलेलं काम दीड वर्षानं का होईना झालं, म्हणून पाटलांनी नारळ फोडला.

दुसरा वैशाख आला. गल्लीत काड्या दिसेनात. शामूचे पाय राजाबाई रोज सकाळी तंबाखूचं रोप तपासावं तसे तपासत होती. काही नव्हतं. जयाबाई यायच्या आदल्या दिवशी नागोजी शेतावरून आला, ओसरीवर बसला आणि उठेना.

"काय झालं वो?"

नागोजीनं धोतर वर केलं. पोटरीवर फोड होता.

राजाबाई त्याच्यापुढं खाली बसली. "कुठलं पाणी प्यालासा?" तिनं विचारलं.

"हितलंच. मागल्या उन्हाळ्यात. सांजचं येताना विहिरीवर ओंजळभर घ्यायचो. गार असतंय."

"रोज?"

"रोज न्हाय," नागोजी म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "रोजच म्हण."

सकाळी जयाबाई आणि मारुतीराव आले. राजाबाई यावेळी गल्लीत फिरली नाही. पाहुणे पाय धूत होते तेवढ्यातच तिनं सांगून टाकलं. "शामूला काय न्हाय. बघा, चालवा, पळवा. पर आमच्या मालकास्नी निघालाय. गाळल्याबिगर चोरून प्यालं. आता तुमी काय ते ठरवा."

मारुतीरावांनी बहिणीकडं बघितलं. जयाबाईनं आधी शामूला चालायला लावलं. अंगणातून परसात, परसातून अंगणात. मग ती ओसरीवर नागोजीपुढं बसली आणि पोटरी नीट बघितली.

"रहाट कवा आला?"

"दिवाळीला," नागोजी पडल्या चेहऱ्यानं म्हणाला.

"मंजे मागल्या उन्हाळ्यात पाणी ते जुनंच हुतं. घर एक, शेत एक, विहीर एक. त्यानं गाळून प्यालं, तुमी न गाळता." ती राजाबाईकडं वळली. "खरं सांगू का, वैनी? येताना वाटंत माझ्या मनात हेच चाललं हुतं. शामूला निघाला न्हाय तरी कशावरनं म्हणायचं? आपनहूनबी एखाद्या वर्सी निघत न्हाय. गाळल्यानंच ऱ्हायला ह्याचा पुरावा काय? त्यो आता ह्यांनी दिला."

राजाबाईनं नागोजीच्या पोटरीकडं पुन्हा एकदा बघितलं.

"सुपारी आणा," जयाबाई म्हणाली.

सुपारी फुटली. जेवताना मारुतीराव व्याह्यांच्या शेजारी बसले आणि नागोजीला दोनदा आग्रह झाला. तिसऱ्या वाढपाला तो राजाबाईकडं बघून म्हणाला की, कुणी मानो अगर न मानो, हे लगीन आपल्यामुळं जमलं. राजाबाईनं त्याच्या पुढ्यातला तांब्या उचलला, वास घेतला, ओतून टाकला आणि दुसरा भरून आणून ठेवला.

मुहूर्त ज्येष्ठाच्या शेवटचा धरला. वैशाखात त्याहून चांगले दोन होते, पण वरबापाला उभं राहता येणं जरुरीचं होतं.